खोटी हाक

ऑफिसात तिला सगळे मावशी म्हणत. वयाने ती काही म्हातारी नव्हती, पंचेचाळीसच्या अलीकडेच होती. पण बाकीचे एकोणतीस जण विशी-पंचविशीतले, त्यामुळे पहिल्याच आठवड्यात नाव पडलं आणि चिकटलं. टायरच्या दुकानावरच्या मजल्यावर एक लांबट खोली होती. तीन रांगा, तीस टेबलं, तीस हेडफोन. बाहेरून येणाऱ्याला वाटावं, ही एवढी माणसं एकमेकांशी बोलत का नाहीत. काम बोलण्याचं नव्हतंच, ऐकण्याचं होतं.

कंपनीने घराघरात ठेवायला एक यंत्र काढलं होतं. तळहाताएवढं, पांढरं, गोल, वरच्या कडेला दिव्याचं बारीक कडं. त्याचं नाव 'सोबत'. सोबत, दिवा लाव. सोबत, आईला फोन लाव. सोबत, दार बंद आहे का बघ. हाक मारली की कडं निळं व्हायचं आणि यंत्र कामाला लागायचं. दोन वर्षांत ते इतकं पसरलं की नव्या इमारतींत नळाबरोबर आणि दिव्याच्या बटणांबरोबर तेही बसवूनच मिळू लागलं. नाव ठरवताना म्हणे हजारो लोकांना विचारलं होतं, आणि सगळ्यांना तोच शब्द मायेचा वाटला होता. फक्त एक गोष्ट कुणाच्या ध्यानात आली नाही. हा शब्द माणूस दिवसातून दहा वेळा सहज बोलून जातो. कुणासोबत गेला होतास? चहासोबत काय देऊ? तेवढ्यावर कडं निळं व्हायचं, आणि पुढची वीस सेकंदं त्या घरातून उठून कंपनीच्या पेटीत जाऊन पडायची.

ती वीस सेकंदं मावशीकडे यायची. ऐकायची आणि चार चौकोनांपैकी लागू पडेल त्यात खूण करायची. खरी हाक. खोटी हाक. ऐकू येत नाही. त्रासदायक मजकूर. दिवसाला नऊशे तुकडे. त्या खुणांवरून यंत्र शहाणं होत जाणार होतं. तुकड्याला नाव नसे, पत्ता नसे, तारीख नसे.

याआधी अठरा वर्षं ती एका रुग्णालयात टायपिस्ट होती. डॉक्टर बोलून ठेवत, ती कानाला लावून टाइप करी. सर्दीने बसलेल्या आवाजातलं औषधाचं नावही तिच्या कानातून सुटत नसे. मग याच कंपनीने बोललेलं आपोआप लिहिणारी सोय काढली आणि तिची खुर्ची गेली. दोन महिन्यांनी, यंत्राचे कान दुरुस्त करायला माणसांचे कान हवेत, अशी जाहिरात आली. तीही याच कंपनीची. ज्याने पोटावर पाय दिला त्याच्याच दारात उभं राहायचं, असं म्हणत ती हसली होती आणि अर्ज भरला होता.

सुरुवातीला तिला लोकांच्या खिडकीखाली उभं राहिल्यासारखं वाटे. एक म्हातारा यंत्राशी रोज भांडायचा. एक बाई त्याला दिवसभराची हकिकत सांगायची आणि शेवटी 'बरं, झोप आता' म्हणायची. ही माणसं कोण, कुठली, असं मनात यायचं. मग कानाला घट्टे पडले. तुकडा आला, खूण केली, गेला.

मंगळवारी, जेवणाच्या सुट्टीला पंधरा मिनिटं असताना, एक तुकडा आला.

पुरुषाचा आवाज होता. चढलेला नाही, रागावलेला नाही. लहान मुलाला गणित समजावून सांगावं तसा. "माझ्यासोबत राहायचं नसेल तर तसं सांग. दार काही उघडणार नाही. खिडकी उघडी आहे. बघ, तुला काय जमतं."

मग कुणाचा तरी श्वास. आत घेतलेला आणि बाहेर न सोडलेला. आणि त्या श्वासाच्या मागे, भिंतीपलीकडे, दोन धक्के. धप्प. धप्प. त्यावर एक बारीक घंटी. ती 'टिंग' अशी सुरू झाली आणि 'टंक' अशी बसली.

 ती घंटी मावशी रोज सकाळी आणि रोज संध्याकाळी ऐकत होती.

एक तुकडा तीनदाच ऐकता येई. तिने तो तीनदा ऐकला. तिसऱ्यांदा तर डोळे मिटून फक्त घंटी ऐकली. मग पडद्यावर चौकोन आले. नियमाप्रमाणे ही खोटी हाक होती, कारण यंत्राला कुणी बोलावलं नव्हतं. तिने तिथे खूण केली, त्रासदायकवरही केली, आणि तुकडा नाहीसा झाला. पुढच्या तुकड्यात एक पोरगी विचारत होती, सोबत, गोगलगायीला दात असतात का.

त्यांच्या खोलीवर देखरेख करणाऱ्याला सगळे मास्तर म्हणत. पाण्याच्या फिल्टरपाशी त्याला गाठून तिने हलक्या आवाजात सांगितलं. घंटीचं मात्र सांगितलं नाही. का, ते तिलाही कळलं नाही, जीभच वळेना. मास्तर वाईट माणूस नव्हता. त्याने ऐकून घेतलं आणि इकडेतिकडे बघितलं. तुकडे कुठूनही येतात, म्हणाला, सहा महिन्यांपूर्वीचेही असतात, आज ऐकलं म्हणजे आज घडलं असं नाही. शोधायचं म्हटलं तरी त्याला आगापिछा नाही. आणि तुम्ही कागदावर सही केली आहे, इथलं ऐकलेलं घरीसुद्धा बोलायचं नाही म्हणून. मग आवाज आणखी उतरवून त्याने सांगितलं की दुसऱ्या खोलीतली एक मुलगी मागच्या वर्षी असंच एक घर शोधत गेली होती. तिला त्यानंतर कुठे काम मिळालं नाही. "मावशी, खूण केलीत ना? मग झालं," तो म्हणाला. 

सहा महिन्यांपूर्वीचं असेल, हे तिने बसमध्ये स्वतःला चारदा सांगितलं. पण सहा महिन्यांपूर्वीचं असेल, तर मधल्या सहा महिन्यांत काय झालं, हा विचार त्याहून वाईट होता.

तिची इमारत सात मजल्यांची. ती आणि तिचे वडील दुसऱ्या मजल्यावर राहत. वडिलांना सारी इमारत आप्पा म्हणे. चाळीस वर्षं लिफ्टच्या दुरुस्तीत घालवलेला माणूस. गुडघे गेले, पण कान शाबूत; मावशीचा कान त्यांच्याकडूनच आलेला. इमारतीच्या लिफ्टची मूळची घंटी जळाली तेव्हा आप्पांनीच भंगारातल्या एका लिफ्टची काढून बसवली होती. तिला बारीक तडा होता, म्हणून ती 'टिंग' म्हणता म्हणता 'टंक' व्हायची. तशी दुसरी घंटी जगात असेल, पण दोन धक्के आणि ती घंटी, असं दुसरीकडे कुठे असणार?

तिने चपला काढता काढता सहज विचारल्यासारखं विचारलं, आपली लिफ्ट थांबताना दोनदा धप्प का करते. आप्पा रेडिओ दुरुस्त करत बसले होते. वर न बघता ते म्हणाले की सगळीकडे नाही करत, फक्त चौथ्यावर. तिथे ती बोटभर खाली थांबते आणि मग सावरते. सोसायटीच्या अध्यक्षांना दोनदा सांगून झालं, पालथ्या घड्यावर पाणी.

"आणि धक्का मोठा, घंटी बारीक असं कुठे ऐकू येईल?"

आता मात्र त्यांनी वर बघितलं. "भिंतीतून. दारातून ऐकलंस तर घंटी मोठी येते. लिफ्टच्या भिंतीला लागून प्रत्येक मजल्यावर एकच घर आहे." पेचकस खाली ठेवून ते तिच्या तोंडाकडे बघत राहिले. "कुठे ऐकलंस तू हे?"

कागदावरची सही तिने तिथेच मोडली. सगळं सांगितलं, शब्दाला शब्द. 

चौथ्या मजल्यावर लिफ्टला लागून जे घर होतं, त्यात आठ महिन्यांपूर्वी एक जोडपं आलं होतं. नवरा विमा कंपनीत होता. तोंडात साखर. लिफ्टचं दार धरून ठेवणार, म्हाताऱ्यांच्या पिशव्या उचलणार, आप्पांना बघितलं की गुडघ्याची चौकशी करणार. सगळी इमारत त्याला देवमाणूस म्हणे. बायको पहिल्या महिन्यात दिसली होती, दोन कुंड्या घेऊन वर जाताना. नंतर तिची तब्येत बरी नसते, तिला माणसांत यायला आवडत नाही, असं तोच सांगायचा, आणि लोक त्याचीच कीव करायचे. मावशीनेही केली होती.

त्याच संध्याकाळी तिने पोलिसांच्या मदतीच्या क्रमांकावर फोन केला. पलीकडच्या माणसाने विचारलं, काय बघितलंत. काहीच बघितलं नव्हतं. काय ऐकलंत, कुठून ऐकलंत. ते सांगता येत नव्हतं. त्याने नोंद करून घेतो म्हणून सांगितलं, आणि फोन ठेवल्यावर मावशीला स्वतःचीच लाज वाटली.

बुधवारी तिने पोट बिघडल्याचं कळवून रजा घेतली. सव्वाअकराला, नवरा कामावर गेलेला असणार या हिशेबाने, ती कागद घेऊन वर गेली. लिफ्टच्या दुरुस्तीसाठी सह्यांचा कागद, आप्पांच्या अक्षरात. घर क्रमांक, नाव, तक्रार, सही, असे चार रकाने. दोन-तीन घरांच्या सह्या आधी घेतल्या होत्या, खरं वाटावं म्हणून.

दारावर कंपनीचंच कुलूप होतं. किल्लीला भोक नसलेलं, काळं, गुळगुळीत. शेजारी कंपनीचीच घंटी, मध्ये काचेचा डोळा. तिने बटण दाबलं. आतून पावलं वाजली आणि थांबली. बोलली ती घंटी.

"नमस्कार मावशी." त्याचा आवाज. इतका जवळून, की ती अर्धं पाऊल मागे सरली. "मी ऑफिसात आहे, पण तुम्ही दिसताय मला. आप्पांचा गुडघा काय म्हणतो?"

तिने सांगितलं, बरा आहे. लिफ्टच्या सह्या घेतेय म्हणून सांगितलं. स्वतःचा आवाज तिला दुसऱ्या कुणाचा तरी वाटत होता. तो म्हणाला, चांगलं काम करताय, थांबा, मी उघडतो. आणि कुठल्याशा ऑफिसात बसून, फोनवर बोट ठेवून, त्याने आपल्या घराचं दार उघडलं. कुलपात खट् झालं आणि दार आपणहून चार बोटं पुढे आलं.

मावशीने ते ओढलं. आत त्याची बायको उभी होती. तिशीची असेल. केस विंचरलेले, कपडे स्वच्छ, अंगावर कुठे वळ नाही. मावशीने वळ शोधले आणि ते नाहीत म्हणून तिला उगाच आणखी भीती वाटली. तिच्या मागे फळीवर पांढरं यंत्र, कडं हिरवं. म्हणजे कुणीतरी दुरून बोलण्यासाठी जोडलेलं होतं. कंपनीच्या जाहिरातीत ही सोय असायची : घरापासून दूर, तरी घरातच. त्यापलीकडे खिडकी. सताड उघडी.

"सही कर गं," यंत्रातून तो म्हणाला.

तिने कागद घेतला, भिंतीवर टेकवला आणि लिहू लागली. एका सहीला लागतो त्यापेक्षा जास्त वेळ लागला.  दारावरच्या डोळ्यालाही ते कळत असेल असं मावशीला वाटत होतं. कागद परत देताना त्या बाईने तिच्याकडे एकदाच बघितलं. त्या बघण्यात विनवणी नव्हती. आपण काहीतरी करून चुकलो, आता परत घेता येणार नाही, असं ते बघणं होतं.

"काय तक्रार लिहिली तिने?" आवाज आला. "वाचून दाखवा की मावशी. मलाही कळू दे."

मावशीने खाली बघितलं. नावाच्या रकान्यात नाव नव्हतं, एक फोन क्रमांक होता. तक्रारीच्या रकान्यात चार शब्द होते. ते तिने जसे होते तसे वाचले. "दार आतून उघडत नाही."

 मग तो हसला. "लिफ्टचं ना? खरं आहे. मलाही एकदा अडकवलं होतं तिने. दार लोटून घ्या बरं का."

आणि मावशीने दार लोटून घेतलं. पुढे कितीतरी दिवस ती याच गोष्टीपाशी अडून राहिली. हात धरून बाहेर ओढायला दोन सेकंदं पुरली असती. पण त्याने सांगितलं तसं तिने केलं. कुलूप खट् झालं. ती लिफ्टने खाली आली. घरात शिरल्यावर ती दारापाशीच जमिनीवर बसली.

क्रमांक लावला. त्या बाईची थोरली बहीण होती. मावशीने आपण कोण, कुठल्या इमारतीतून बोलतोय, एवढं सांगेपर्यंत पलीकडून एकच प्रश्न आला. "जिवंत आहे का ती?"

बहिणीला आठ महिने रोज मेसेज येत होते. मी मजेत आहे, डोकं दुखतं, फोन करू नकोस. क्रमांक धाकटीचाच, पण लिहिण्यात कधी एकही चूक नसायची; आणि धाकटी शाळेपासून ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका करायची. ती म्हणाली, निघते, चार तास लागतील. मग मावशीने पुन्हा पोलिसांना फोन केला. आता हातात कागद होता, त्यामुळे ते गाडी पाठवतो म्हणाले. कधी, ते सांगता येत नव्हतं.

ती फोन ठेवते न ठेवते तोच आप्पांचा फोन वाजला. चौथ्या मजल्यावरचा तोच होता.

आप्पांनी फोन स्पीकरवर टाकला. तो नेहमीच्याच गोडव्याने म्हणाला की मावशी पाचव्या मजल्यावर नाही गेल्या. माझ्याकडची सही झाली आणि लगेच खाली गेल्या. बाकीच्यांच्या सह्या नकोत का? आप्पा म्हणाले, तिचं पोट बिघडलंय. "हो का," तो म्हणाला. "काळजी घ्या तिची. मीही आज लवकरच येतोय घरी. निघालोच आहे."

आप्पांनी हत्यारांची पिशवी खांद्याला लावली.

"ते कुलूप तुम्हाला नाही उघडणार," मावशी म्हणाली.

"कुलपाला कोण हात लावतंय? कुलूप कितीही शहाणं असलं तरी बिजागरी अडाणीच असते."

त्या इमारतीतली दारं बाहेर उघडणारी होती, बिजागऱ्या बाहेरच्या बाजूला. दाराशी पोहोचताच मावशीने घंटीच्या डोळ्यावर तळहात दाबून धरला. आप्पा दुखरा गुडघा जमिनीला टेकून खालच्या बिजागरीपाशी बसले, खिळ्याला छिन्नी लावली आणि हातोडा घातला. पहिल्याच घावाला घंटी बोलली.

"कोण आहे?" तो आवाज तिच्या तळहातात थरथरला. मुठीत भुंगा धरावा तसा. "मावशी, हात काढा. मला दिसत नाहीये."

तिने हात काढला नाही. आप्पांनी खालचा खिळा पाडला आणि भिंतीला धरून उठले. मधला सुरू केला. मग आवाज आणखी एका बाजूने येऊ लागला. आतूनही, दारापलीकडून, फळीवरच्या यंत्रातून. बाहेर तो मावशीशी बोलत होता, की हा गुन्हा आहे, मी पोलिसांना कळवलंय, आप्पा या वयात तुरुंगात जातील. आणि आत तो तेच शब्द बायकोला ऐकवत होता. मग तो मावशीशी बोलायचा थांबला.

"खिडकीपाशी जा," तो म्हणाला. शांतपणे, गणित शिकवल्यासारखा. "जाऊन उभी राहा तिथे."

मधला खिळा पडला. वरचा गंजला होता. आप्पांचा हात डोक्यावर पुरा पोहोचत नव्हता, घाव निसटत होते. आतून पावलांचा आवाज आला. कुठल्या दिशेने, ते हातोड्यामुळे मावशीला कळेना. आयुष्यभर ज्या कानांच्या भरवशावर ती जगली, ते ऐन वेळी काही सांगेनात.

"बाळा, दाराशी ये," ती लाकडाला तोंड लावून म्हणाली. "खिडकीकडे नको. माझ्या आवाजाकडे ये."

तेवढ्यात खालून लिफ्ट निघाली. दोर कुरकुरला. मावशीने मनाशी मजले मोजले. पहिला. दुसरा. आप्पांनी तिच्याकडे बघितलं, तिने आप्पांकडे, आणि त्यांनी पुढचा घाव असा घातला की छिन्नी त्यांच्याच बोटावर सटकली. तिसरा. खिळा अर्धा वर आला. त्यांनी तो पक्कडीत धरला आणि सगळ्या अंगाचा भार देऊन ओढला. दार करकरलं, कुलपाच्या बाजूने लटकलं आणि तिरपं झालं. फटीत ती बाई उभी होती. दाराला चिकटूनच. दोन्ही मुठी छातीशी, पाय अनवाणी.

धप्प, धप्प, टंक.

लिफ्टमधून पहारेकरी बाहेर आला. कानाला फोन. फोनमधला आवाज सगळ्यांना ऐकू येत होता : वर चोर आहेत, बायकोला पळवताहेत, थांबव त्यांना. पहारेकऱ्याने तिरकं दार बघितलं. आप्पांच्या बोटातून गळणारं रक्त बघितलं. मग त्या बाईचे पाय बघितले. गेल्या सात महिन्यांत त्याने ते कधी उंबऱ्याबाहेर बघितले नव्हते. त्याने फोन छातीवर दाबून धरला.

"चला," तो म्हणाला. "मी लिफ्ट धरतो."

पोलीस पाऊण तासात आले. मावशीच्या फोनवर नव्हे, त्याच्या तक्रारीवर. घर फोडल्याच्या. पाठोपाठ तोही आला, कपाळावर घाम, चेहऱ्यावर काळजी, आणि आप्पांच्या दारात उभा राहून समजुतीच्या स्वरात सांगू लागला की माझी बायको आजारी आहे, औषधं चालू आहेत, ही चांगली माणसं आहेत पण त्यांचा गैरसमज झालाय. बोलणं असं, की मावशीलाही क्षणभर वाटलं, खरंच आपलं चुकलं तर नाही ना.

पोलिसांत एक बाई होत्या. त्यांनी त्याला जिन्यात थांबवलं, दार लावलं आणि तिला विचारलं, तुम्हाला काय सांगायचं आहे. ती स्वयंपाकघरात स्टुलावर बसली होती, मावशीच्या चपला पायात घालून. 

"मला त्यांच्यासोबत जायचं नाही," ती म्हणाली, आणि बोलताच दचकून वर फळीकडे बघितलं. फळीवर मिठाची बरणी होती आणि आप्पांचा उघडा पडलेला रेडिओ.

दुपारी बहीण आली. दोघी बहिणी भेटल्या ते मावशीने बघितलं नाही. ती तोंड फिरवून गच्चीत जाऊन उभी राहिली.

जबाब घेताना पोलीस बाईंनी मावशीला विचारलं, की तुम्हाला आधी संशय आला कशावरून. लिफ्टच्या सह्यांवर निभावता आलं असतं. पण त्या तुकड्यात त्याची धमकी त्याच्याच तोंडची होती, आणि त्याच्याविरुद्ध तेवढाच काय तो धड पुरावा होता. तिने खरं सांगितलं आणि खाली सही केली. तीन आठवड्यांनी कंपनीचं उत्तर आलं. अत्यंत नम्र. आमच्याकडचा कुठलाही आवाज कुठल्याही घराशी जोडलेला नसतो, ग्राहकांचा खाजगीपणा आम्हाला सर्वांत प्रिय आहे, त्यामुळे असा तुकडा शोधणं शक्य नाही. मावशीला त्याच दिवशी कामावरून कमी केलं. खटला उभा राहिला आहे, तारखा पडताहेत. तो घर सोडून गेला. पण कुठे, ते कुणाला नक्की ठाऊक नाही, आणि मावशी अजून लिफ्टचं दार उघडण्याआधी एक पाऊल बाजूला उभी राहते.

मास्तरने एकदा फोन केला होता. सगळी खोलीच बंद झाली म्हणाला. नवं यंत्र येतंय. त्याला हाक मारावीच लागत नाही. ते सतत ऐकतं आणि कुठलं बोलणं आपल्याला उद्देशून आहे ते आपलं आपण ओळखतं. खरी हाक आणि खोटी हाक, ही भानगडच संपली. लोकांना फार आवडेल असं दिसतंय, तो म्हणाला. मावशीने विचारलं, मग ते ऐकलेलं जातं कुठे. त्याला माहीत नव्हतं.

महिन्याभराने बहिणीच्या घरून त्या बाईचा फोन आला. आवाजात थोडा दम आला होता. आप्पांचं बोट विचारलं, मग थांबली. पोलिसांकडून मला कळलं, म्हणाली, तुम्हाला कसं समजलं ते.  मावशीला वाटलं, आता ही रागावणार, आणि रागावायचा तिला हक्क होता.

ती रागावली नाही. "खिडकीचे ते शब्द त्यांनी एकदाच म्हटले नव्हते," ती म्हणाली. "रोज म्हणायचे. दर वेळी तो दिवा निळा व्हायचा, मी बघायचे. म्हणजे तुमच्याआधी कितीजणांनी ऐकलं असेल?"

 प्रश्न तेवढाच नव्हता, हे मावशीला ठाऊक होतं. दिवसाला नऊशे, अशी दोन वर्षं. त्यात असा समजुतीचा, न चढलेला आवाज आपण आणखी किती घरांतून ऐकला? मागे ओळखीची घंटी नव्हती म्हणून खूण करून किती पुढे ढकलले? तिने आठवायचा प्रयत्न केला. एक आठवला. मग आणखी एक. त्यात बाई नव्हतीच, एक मूल होतं, आणि ते हळूच म्हणत होतं, सोबत, मला इथून घेऊन जा. त्यावर आपण कुठली खूण केली होती?

"मावशी, ऐकताय ना?" पलीकडून आवाज आला.

"हो," ती म्हणाली. "ऐकतेय."